फादरांची जपमाळ कुणाच्या कामाची?

एखादे फादर वारले की त्यांच्याविषयी लिहिण्याचा आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे. शाळा काढली, दवाखाना उभा केला, बिल्डरांशी दोन हात केले, पुस्तकं लिहिली, सगळ्या धर्मांच्या माणसांत मिसळले. हे खोटं नसतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ ला गेले तेव्हा महाराष्ट्राला आठवला तो हरित वसईच्या आंदोलनात उतरलेला माणूस, ‘सुवार्ता’ मासिकाचा संपादक, उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. ते साहजिकच होतं. त्या गोष्टी सगळ्यांच्या होत्या. पण कुठलाही धर्मगुरू पहाटे मिस्सेआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) काय करतो, संध्याकाळी प्रार्थनेचं पुस्तक हातात घेऊन चर्चच्या मागच्या व्हरांड्यात येरझाऱ्या का घालतो, झोपण्यापूर्वी जपमाळ का ओढतो, याचा उल्लेख झालाच तर ‘ते अत्यंत भाविक होते’ एवढ्यावर उरकतो.

यामागे आपण एक वाटणी गृहीत धरलेली असते. काम सार्वजनिक, प्रार्थना खासगी. फादरांनी देवळात काय करायचं ते करावं, समाजाला मतलब त्यांच्या कामाशी. कॅथलिक नसलेल्या मराठी वाचकाला ही वाटणी सोयीची पडते, कारण मरियामाता, माळ, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) या त्याला परक्या गोष्टी आदराने बाजूला ठेवता येतात. आणि खरं सांगायचं तर हल्ली आम्हा वसईकर कॅथलिकांनाही ती सोयीची वाटू लागली आहे. धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, नवे फादर आले की पहिला प्रश्न असतो, हॉलचं काम कधी काढताय?

मला ही वाटणी मान्य नाही. धर्मगुरूच्या हातात सत्ता असते. लहान गावात तर बरीच असते: शाळेतला प्रवेश, दफनभूमीतली जागा, लग्नाचा दाखला, भांडणातला शब्द. तो प्रार्थना करतो की नाही आणि कसली करतो, याचा संबंध थेट या सत्तेशी आहे. म्हणून तो प्रश्न गावातल्या प्रत्येकाचा आहे, चर्चची पायरी कधी न चढणाऱ्याचाही. हे नुसतं तत्त्व म्हणून सांगून पटणार नाही. गोव्यातल्या एका माणसाच्या आयुष्यावरून ते जास्त नीट दिसतं.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ चा, सासष्टीतल्या बाणावलीचा. ते आजोळ; वडिलांचं गाव सांकवाळ. घराणं ख्रिस्ती झालेल्या सारस्वत ब्राह्मणांचं. शिक्षण जुन्या गोव्यात, जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि नंतर डोमिनिकनांच्या अकादमीत. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि त्यांनी पायातलं पायताण सोडलं; गरीब माणूस अनवाणी चालतो तर आपणही तसंच चालायचं. पुढच्या वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ ला, सांकवाळच्या चर्चमध्ये आरोग्यमातेच्या वेदीच्या पायथ्याशी त्यांनी एक कागद लिहिला.

हा कागद म्हणजे स्तोत्र नाही, आळवणीही नाही. तो सरळ सरळ दस्त आहे. हे दास्यपत्र पाहणाऱ्या देवदूतांना, माणसांना आणि साऱ्या सृष्टीला कळावं, अशी सुरुवात. मग लिहून देणाऱ्याचं नाव. मग मजकूर: मी स्वतःला देवमातेचा कायमचा गुलाम म्हणून विकत आहे, अर्पण करत आहे, हे दान स्वखुशीचं आहे आणि कायद्यात ज्याला हयातीत केलेलं, मागे न घेता येणारं दान म्हणतात त्या प्रकारचं आहे, माझी आणि माझं जे काही आहे त्याची व्यवस्था तिने तिच्या मर्जीने लावावी. या मानाला आपण पात्र नाही, म्हणून रक्षकदूताने आणि ज्यांचं नाव आपण लावतो त्या संत जोसेफांनी आपल्यासाठी शब्द टाकावा, अशी विनंती. शेवटी सही, आणि ती काळजाच्या रक्ताने करायला आवडलं असतं अशी पुस्ती. ज्याने घरात कधी बक्षीसपत्र पाहिलंय त्याला हा घाट लगेच ओळखू येईल. बक्षीसपत्र झालं की देणाऱ्याचा हक्क संपतो. वाझ यांना नेमकं तेच हवं होतं, पुन्हा मन बदलायची वाट बंद करून टाकायची होती.

(मरियेच्या अशा दास्यभक्तीची रीत वाझ यांनी शोधलेली नव्हे, ती स्पेनमध्ये आधीपासून होती. पण ज्यांच्या नावाने ती पुढे जगभर ओळखली गेली आणि ज्यांच्याकडून पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपलं ब्रीदवाक्य उचललं, ते फ्रान्सचे लुई द माँफोर्त त्या दिवशी अवघे चार वर्षांचे होते. आमच्याकडे माँफोर्त सगळ्यांना माहीत असतात, सांकवाळचा कागद फार थोड्यांना.)

त्या गोव्यात गुलाम ही काही काव्यातली गोष्ट नव्हती. जुन्या गोव्याच्या भर बाजारात माणसं विकली जात. तिथे आलेल्या युरोपियन प्रवाशांनी ते लिहून ठेवलं आहे. आफ्रिकेतून आणलेले स्त्रीपुरुष पोर्तुगीज घरांत पाणी भरत, पालख्या वाहत. तेव्हा आज कुणी म्हणालं, की ज्याला कुणी विकलेलं नाही त्याने स्वतःला हौसेने विकल्याचं कौतुक काय, तर तो आक्षेप मला झटकून टाकता येणार नाही. ज्या स्त्रीला मोझांबिकहून जहाजात कोंबून आणलं तिला असा कागद लिहायची मुभा नव्हती. तरी दुसरी बाजूही दिसते. वरच्या जातीचा, लॅटिन शिकलेला, वेदीवर उभं राहण्याचा अधिकार असलेला पंचवीस-सव्वीस वर्षांचा पुरुष समाजातली सगळ्यात खालची जागा मागून घेतो, आणि तीही एका स्त्रीच्या पायाशी, नाझरेथमधल्या सुताराच्या बायकोच्या. हा भावनेचा उमाळा होता की खरा व्यवहार, हे त्या कागदावरून कळत नाही. ते पुढच्या तेहतीस वर्षांवरून कळतं.

त्याच गोव्यात सहा वर्षांनी झालेली दुसरी एक प्रार्थना मराठी वाचकाच्या अधिक ओळखीची असेल, कारण तिचं निमित्त छत्रपती संभाजी महाराज होते. नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठ्यांनी जुवे बेट घेतलं आणि गोव्याची राजधानी हाकेच्या अंतरावर आली. व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर घाबरून बॉम जेझू चर्चमध्ये गेला. संत फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी उघडली गेली. व्हाइसरॉयने आपला अधिकारदंड आणि राजाची अधिकारपत्रं संताच्या हाती ठेवली आणि आता तूच शहर राख, अशी विनवणी केली. मोगल फौज पाठीवर येत होती म्हणून महाराजांना माघारी वळावं लागलं. गोव्यात मात्र संताने शहर वाचवलं असंच मानलं गेलं. पुढे जून १६८४ मध्ये याच व्हाइसरॉयने फर्मान काढलं: स्थानिक लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं.

व्हाइसरॉय ढोंग करत होता असं मला म्हणायचं नाही. भीती खरी होती, गुडघे खरोखर टेकले होते. पण ती प्रार्थना सत्ता टिकावी म्हणून होती. धोका टळला, दंड परत हातात आला आणि पहिला तडाखा रयतेच्या जिभेला बसला. त्या फर्मानाची तीन वर्षांची मुदत संपत आली त्या १६८७ साली जोसेफ वाझ सिलोनमधल्या (आजच्या श्रीलंकेतल्या) जाफन्यात होते, भिकाऱ्याच्या वेषात, आणि तिथल्या लोकांची तामिळ शिकत होते. दोन्ही माणसं कॅथलिक, दोघांचाही संतांवर विश्वास. एकाच्या प्रार्थनेने लोकांची भाषा काढून घेतली आणि दुसऱ्याच्या प्रार्थनेने त्याला लोकांच्या भाषेत नेऊन सोडलं. फादर प्रार्थना करतात एवढ्यावर आपण समाधान मानू नये ते यासाठी. प्रार्थनेनंतर दंड कुणाच्या हातात राहतो ते पाहावं.

वाझ जाफन्याला पोचले कसे, ते थोडक्यात सांगतो. १६८१ ते १६८४ ते कानडा प्रांतात, मंगळूर-गंगोळीच्या बाजूला होते. तिथे रोमने नेमलेले बिशप आणि पोर्तुगालच्या हक्काखालचे गोव्याचे आर्चबिशप यांच्या भांडणात त्यांची बरीच शक्ती गेली. परत आल्यावर १६८५ मध्ये जुन्या गोव्यातल्या काही देशी धर्मगुरूंच्या छोट्या समूहात ते सामील झाले. युरोपियन संघ देशी माणसाला आत घेत नसत, म्हणून या लोकांनी संत फिलिप नेरींच्या धर्तीवर स्वतःचं ओरेटरी, म्हणजे एकत्र राहणाऱ्या धर्मगुरूंची संस्था, उभं केलं होतं. सगळ्यांनी वाझ यांना प्रमुख केलं. वर्षभरात त्यांनी ती खुर्ची सोडली आणि १६८६ मध्ये गोवाही सोडला. पुन्हा ते कधी परतले नाहीत.

सिलोनची गोष्ट मात्र घाईने सांगून चालणार नाही, कारण मरियाभक्तीविषयी माझं जे म्हणणं आहे ते तिथेच सगळ्यात स्पष्ट होतं.

डचांनी १६५८ मध्ये जाफना घेतलं. ते कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंट, कॅथलिकांचे हाडवैरी. कॅथलिक धर्मगुरूंना त्यांनी घालवून दिलं, चर्च ताब्यात घेतली, धर्मगुरूला आसरा देणाऱ्यासाठी जबर शिक्षा ठेवल्या. वाझ पोचेपर्यंत एकोणतीस वर्षं गेली होती. एवढा काळ मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला तैलाभ्यंग नाही. एक अख्खी पिढी वेदीवर फादर न पाहता मोठी झाली. कॅथलिक धर्मात धर्मगुरूवाचून काय काय अडतं याची यादी केली तर वाटेल, तीस वर्षांत तिथे काही उरलंच नसणार.

उरलं होतं, कारण जपमाळेला धर्मगुरू लागत नाही. एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, दहा ‘नमो मरिया’, मग त्रैक्याचा गौरव; असं एक दशक. माळेत पाच दशकं, आणि त्या काळची पूर्ण फेरी पंधरांची, म्हणजे दीडशे नमो मरिया. प्रत्येक दशकाला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा: गव्हाणीतला जन्म, गेथशेमानेतला घाम, क्रूस, रिकामी कबर. पुस्तक नको, अक्षरओळख नको, वेदी नको, परवानगी नको. माळ जवळ बाळगणं धोक्याचं झालं तर बोटांची पेरं आहेतच. आई चुलीपाशी बसून पोराला शिकवू शकते. अख्खं शुभवर्तमान बायकाबापड्यांच्या तोंडी असं राहून जातं.

वाझ तुतिकोरिनहून मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले. सोबत जॉन नावाचा सेवक. प्रवासातल्या हगवणीने दोघांचे हाल झाले. उठून चालता येऊ लागल्यावर वाझ यांनी गळ्यात ठसठशीत जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. दारात उभं राहायचं, हात पुढे करायचा आणि समोरच्याची नजर माळेवर थबकते का ते पाहायचं. बहुतेकांची थबकत नसे. ज्यांची थबकली त्यांच्याशी हळूहळू बोलणं वाढवायचं. मग एखाद्या रात्री कुणा घरात, खिडक्या लावून, तीन दशकांनंतरची पहिली मिस्सा.

इथे कोण कुणाला तपासत होतं? धर्मगुरू लोकांना शोधत होता हे खरंच. पण दार उघडायचं की नाही हे घरातल्या माणसाने ठरवायचं होतं. हा डचांचा हेर तर नव्हे? माळ खरी, की सोंगाची? वाझ यांच्याकडे आर्चबिशपांचं पत्र दाखवून दबाव टाकण्याची सोय नव्हती. त्यांच्याकडे होती ती फक्त अशी एक प्रार्थना, जी त्या घरातल्या म्हातारीला त्यांच्याइतकीच पाठ होती. आपण लोकांना धर्म द्यायला आलो, असं त्या दारात उभं राहून कुणी म्हणू शकेल असं मला वाटत नाही. लोकांनी तो फादरांशिवाय तीस वर्षं सांभाळला होता.

वाझ हे विसरले नाहीत. सिलोनभर त्यांनी गावोगावच्या गृहस्थांवर काम सोपवलं. मूप्पू आणि अण्णावी म्हणून ओळखली जाणारी ही माणसं. फादर नसताना लोकांना जमवायचं, प्रार्थना सांगायची, मुलांना शिकवायचं, मरणाऱ्याच्या उशाशी बसायचं. १६ जानेवारी १७११ ला कँडीत वाझ वारले तेव्हा बेटावर सत्तर हजार कॅथलिक, पंधरा चर्च आणि चारशे प्रार्थनागृहं होती, असा आकडा परंपरेने सांगितला जातो. तो थोडा इकडचा तिकडचा धरला तरी गोव्याहून आलेले मूठभर धर्मगुरू चारशे ठिकाणी रोज पुरणार नव्हते, हे कुणीही सांगेल.

मरियेची भक्ती म्हटलं की टीकाकारांना फादरांच्या धाकातले भोळे भाविक दिसतात. व्यवहारात ती उलट चालते. मिस्सेत फादर पुढे उभे असतात आणि लोक उत्तर देतात. माळेत तसं नाही. गोव्यात सायबीण घरोघर फिरते तेव्हा पाहावं: मरियेची छोटी मूर्ती आजच्या घरातून उद्या शेजारच्या घरी जाते, संध्याकाळी माळ होते, लादाईन (मरियेची आळवणी) गायलं जातं, मग उकडलेले चणे वाटले जातात आणि मोठ्यांसाठी फेणीचा घोट असतो. माळ सुरू करते ती बहुधा घरातली वयस्क बाई. फादर आलेच तर पाहुणे म्हणून येतात आणि बाकीच्यांबरोबर उरलेली अर्धी नमो मरिया म्हणतात. ज्या धर्मगुरूला हे मनापासून आवडतं तो आपल्या लोकांत बसायला शिकला, असं मी समजतो. ज्याला तिथेही माइक हातात लागतो त्याच्याविषयी मात्र मला शंका वाटते.

कँडीकडे वळतो. १६९२ मध्ये वाझ डोंगरातल्या त्या राज्यात शिरले आणि पोर्तुगीजांचे हेर म्हणून पकडले गेले. राजा विमलधर्मसूर्य दुसरा, बौद्ध. कैदेत वाझ सिंहली शिकले आणि आपल्या झोपडीचं मरियेच्या नावाने चर्च केलं. पुढे दुष्काळात राजाच्या सांगण्यावरून त्यांनी चौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, असं त्यांची चरित्रं सांगतात. त्यानंतर राजाने त्यांना फिरायला मोकळीक दिली. मला या पावसावर काही उभारायचं नाही. पोप फ्रान्सिस यांनीही १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोच्या समुद्रकिनारी वाझ यांना संतपद दिलं तेव्हा नेहमी लागणारा दुसरा चमत्कार मागितला नव्हता.

१६९७ ची देवीची साथ जास्त बोलकी आहे. राजा राजधानी सोडून गेला. आजारी माणसाला घरचेच रानात नेऊन टाकत. वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्वाल्हो यांनी त्यांच्यासाठी झोपड्या उभ्या केल्या, त्यांना खाऊ-पिऊ घातलं, धुतलं-पुसलं, मेलेल्यांना पुरलं. बौद्ध की ख्रिस्ती, हे विचारलं नाही. आपल्या साच्यातल्या मृत्युलेखाला हे प्रकरण अगदी चपखल बसतं. ‘साथरोगातील सेवाकार्य’ असं शीर्षकही तयार आहे. पण हे काम ज्याने केलं तो माणूस रोजची प्रार्थना चुकवत नव्हता, आणि ते दोन वेगळे कार्यक्रम आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या कामाला वर्गणीदार नव्हते, अहवाल नव्हता, टाळ्या नव्हत्या. राजाच पळून गेला म्हटल्यावर पाहायला होतं कोण? असं काम माणूस एखाद आठवडा उत्साहाने करतो. साथ संपेपर्यंत करायला कुणाकडे तरी स्वतःला आधीच लिहून दिलेलं असावं लागतं. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण ‘तो मुळातच दयाळू होता’ या उत्तराने सिलोनमधल्या तेवीस-चोवीस वर्षांचा उलगडा होत नाही, हेही तितकंच खरं.

जाता जाता: ख्रिस्ती डचांनी ज्याला हुडकून काढायचा प्रयत्न केला त्याला आसरा दिला तो बौद्ध राजाने. धर्मांच्या नावाने आज ज्या सोप्या रेषा ओढल्या जातात, त्यांवर हे एवढं वाक्य पुरे आहे.

आता खरा अवघड आक्षेप. प्रार्थना करणारे, मरियेचं नाव अष्टौप्रहर घेणारे धर्मगुरूही नीच निघाले आहेत. मेक्सिकोचे मार्सियाल मासिएल यांनी एक बलाढ्य धर्मसंघ उभा केला. शिस्त, भक्ती, पोपनिष्ठा यांसाठी तो नावाजला गेला, आणि आडून ते वर्षानुवर्षं मुलांचं लैंगिक शोषण करत होते. २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी त्यांना सार्वजनिक सेवेतून बाजूला करून प्रार्थना आणि प्रायश्चित्ताचं आयुष्य जगायला सांगितलं. ते २००८ मध्ये वारले आणि २०१० मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या आयुष्यात खऱ्या धर्मभावनेचा पत्ता नव्हता असं जाहीरपणे म्हटलं. तोवर कित्येक आयुष्यांची माती झाली होती. ‘इतके प्रार्थनाशील फादर असं करतील?’ हा प्रश्नच अशा ठिकाणी गुन्हेगाराची ढाल बनतो.

म्हणून प्रार्थना करतो तो चांगला, असं माझं म्हणणं मुळीच नाही. दिसणारी भक्ती हा कशाचाच पुरावा नव्हे. पुरावा आहे तो भक्तीपायी माणसाने काय सोडलं, हा. वाझ यांनी प्रमुखपद सोडलं. पुढे पोपच्या प्रतिनिधीने त्यांना सिलोनची बिशपाच्या तोडीची जागा देऊ केली तेव्हा तीही नाकारली. मासिएल यांची भक्ती जसजशी वाढत गेली तसतसं त्यांचं साम्राज्य वाढत गेलं. आल्व्होरचा दंड आठवा. मोजमाप तेच आहे, आणि ते लावायला ईश्वरशास्त्र शिकावं लागत नाही.

हेच मोजमाप वाझ यांच्या ओरेटरीला लावलं तर मात्र अडचण होते. युरोपियनांनी देशी माणसाला दार बंद केलं म्हणून जी संस्था निघाली, तिने स्वतःचं दार ब्राह्मण घराण्यांपुरतंच उघडं ठेवलं. चार्डो या दुसऱ्या ख्रिस्ती जातीतल्या धर्मगुरूंना चिंबलच्या कार्मेली संस्थेकडे वळावं लागलं. पोर्तुगालने १८३०च्या दशकात धर्मसंघ बंद केले तोवर हा भेद टिकला. स्वतःला गुलाम म्हणून लिहून देणाऱ्या माणसाच्या संस्थेत जात शाबूत राहते, हे गोव्याच्या चर्चने सणाच्या प्रवचनात सांगावं अशी माझी इच्छा आहे. एका माणसाची प्रार्थना त्याला बदलू शकते. संस्थेची घटना बदलायला माणसांना बसून ठराव करावे लागतात. ते त्या वेळी झालं नाही.

आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांचा, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक आणि पंडिता रमाबाईंच्या परंपरेतल्या मराठी ख्रिस्ती माणसाचा प्रश्न वेगळा असतो: ख्रिस्त असताना मरिया मधे कशाला? त्यावर लांबलचक वाद होऊन गेले आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मरियेवर वेगळा दस्तऐवज न काढता चर्चविषयीच्या दस्तऐवजातलंच शेवटचं प्रकरण तिला दिलं आणि बजावलं की खरी भक्ती ही क्षणिक भावना किंवा भाबडेपणा नव्हे. माझ्यापुरतं उत्तर जाफन्यातल्या त्या दारात आहे. तिथे मरियेचं नाव ख्रिस्ताच्या आड आलं नाही. तीस वर्षं त्याच्याकडे जायची तीच एक वाट मोकळी होती.

आता आजचं. चर्चचा कायदा, २७६वं कलम, धर्मगुरूवर रोज ठरलेल्या प्रहरांना म्हणायच्या प्रार्थनेचं बंधन घालतो, आणि मनन करावं, वारंवार पापनिवेदन करावं, देवमातेला विशेष मान द्यावा असंही सांगतो. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात धर्मग्रामाचे फादर सकाळी कंत्राटदाराला भेटतात, दुपारी शाळेच्या मंजुरीसाठी कचेरीत जातात, संध्याकाळी सणाच्या लायटिंगचं कोटेशन पाहतात आणि रात्री व्हॉट्सअॅपवर तक्रारींना उत्तरं देतात. हे आपण त्यांच्यावर लादलेलं आहे, आणि काहींना ते आवडूही लागलेलं आहे. प्रार्थनेपेक्षा हॉल लवकर दिसतो. अशा फादरांना चांगला प्रशासक म्हणावं, माझी ना नाही. पण ज्याच्या वेळापत्रकात स्वतःपेक्षा वरच्या कुणापुढे गप्प बसण्याचा अर्धा तास नाही, त्याच्या हाती आपल्या मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचं पापनिवेदन आणि लाखोंची वर्गणी एकदम देणं मला सुरक्षित वाटत नाही.

उपाय त्याच कायद्यात आहे. ५३७वं कलम सांगतं की प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक व्यवहारांसाठी समिती असलीच पाहिजे आणि तिच्यात निवडलेल्या श्रद्धावंतांनी फादरांना मदत करावी. ती नावापुरती न ठेवता बांधकाम, हिशेब, परवाने हे सगळं तिच्याकडे सोपवा. फादरांना सकाळचा एक तास द्या आणि त्या तासात त्यांना फोन करू नका. त्याचबरोबर मुलांच्या सुरक्षेचे नियम, तक्रारीची वाट, हिशेबाची तपासणी यांत फादरांच्या भाविकपणाबद्दल कुणालाही सूट देऊ नका. प्रार्थनेसाठी मोकळीक आणि कारभारावर नजर या दोन्ही गोष्टी एकदम मागण्यात मला काहीच विसंगती दिसत नाही.

सिलोनच्या मूप्पू आणि अण्णावींनी जे केलं त्याहून हे काम सोपं आहे. इथे पाठीवर डच शिपाई नाही. अडचण आहे ती वेळेची. हिशेबाला बसायचं म्हणजे शनिवारची संध्याकाळ द्यायची, आणि आमच्याकडे हॉलच्या उद्घाटनाला जमते ती गर्दी या बैठकीला अजून तरी जमत नाही.